टनांचा हिशेब पुरे, वायू मोजा

पुण्याच्या शनिवार पेठेतून रोज सकाळी निघणारा ओला कचरा उपनगरातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या कचऱ्यासारखा एकजिनसी नसतो. रमणबागेच्या आसपासच्या अभ्यासिका, स्पर्धा परीक्षांसाठी आलेल्या मुलांना जेवू घालणाऱ्या खाणावळी, अप्पा बळवंत चौकाच्या बाजूची अमृततुल्ये, ओंकारेश्वराकडचे फुलवाले आणि जुने वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींमधली शेकडो स्वयंपाकघरे. खरकटा भात, भाजीचे देठ, चहाचा चोथा आणि देवाचे निर्माल्य हे सगळे थोड्याफार फरकाने एकत्रच पुढे जाते. पेठेतून कचरा बाहेर पडल्यावर त्याचे वजन होते, वजनाची पावती होते आणि त्या पावतीतल्या टनांवर पुढचा सगळा व्यवहार चालतो. त्या टनांपासून वायू किती झाला, त्यात मिथेन किती होता, टाकीतली आंबवण्याची क्रिया त्या दिवशी नीट चालली होती की मोडकळीला आली होती, हे मात्र पेठेतल्या करदात्याला कधी कळत नाही. माझे म्हणणे असे की पुण्यातल्या कचऱ्यावरच्या बायोगॅस प्रकल्पांचा मूळ दोष या न कळण्यात आहे. आज स्वस्त झालेले संवेदक आणि त्यांनी दिलेल्या आकड्यांचे साधे विश्लेषण यांचा खरा उपयोग हा दोष दूर करण्यासाठी आहे. ‘स्मार्ट’ शहराच्या भिंतीवर आणखी एक चमकता पडदा लावण्यासाठी नाही.

पुणे महापालिकेने गेल्या दीड दशकात विकेंद्रित प्रक्रियेचे धोरण म्हणून शहरभर पंचवीसच्या आसपास छोटे बायोगॅस प्रकल्प उभारले. बहुतेक रोज पाच टन क्षमतेचे. कात्रज, मॉडेल कॉलनी, पेशवे पार्क अशा ठिकाणचे. कल्पना उत्तम होती. शहराच्या कचरा डेपोलगतच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या वारंवार अडवल्या होत्या आणि शहराने आपला कचरा आपल्याच अंगणात जिरवावा ही त्यांची मागणी रास्त होती. वायूपासून वीज करायची, त्या विजेवर रस्त्यावरचे दिवे लावायचे, उरलेली मळी खत म्हणून बागांना द्यायची, असा तो बेत. पुढे काय झाले ते पुणेकर जाणतात. अनेक प्रकल्प क्षमतेपेक्षा कितीतरी कमी चालले, काही महिनोन्‌महिने बंद राहिले, आणि नागरिक संघटनांनी महापालिकेकडे आकडे मागितले तेव्हा आत घेतलेला कचरा आणि बाहेर पडलेली वीज यांचा मेळ बसेना. यावर दोन ठरावीक प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे ठेकेदार चोर आहेत. दुसरी म्हणजे हे तंत्रज्ञान आपल्याकडे चालतच नाही. पहिलीत काही ठिकाणी तथ्य असेलही. दुसरी मात्र साफ चुकीची आहे, कारण हे तंत्रज्ञान आपल्याच मातीत सव्वाशे वर्षे चालत आले आहे.

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 साली मैल्यापासून वायू काढला जात होता. अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत मैल्याचे सोने करण्याचा ध्यास घेतला. त्यांचाच वारसा सांगत डॉ. मापुसकरांनी पुण्यापासून तासाभरावरच्या देहूत आयुष्य घालवले. 1959 मध्ये सरकारी डॉक्टर म्हणून तिथे गेलेल्या या माणसाने जंतांच्या आणि जुलाबांच्या मुळाशी उघड्यावरचा मैला आहे हे ओळखून संडासाला जोडलेले गॅस प्लँट घडवले. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने शेणाऐवजी उष्ट्याखरकट्यावर, पिष्टमय आणि गोड पदार्थांवर चालणारा छोटा घरगुती प्लँट लोकप्रिय केला. त्यासाठी संस्थेला 2006 चा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. यातल्या एकाही ठिकाणी संवेदक नव्हता, संगणक नव्हता. मग पाच टनांच्या सरकारी प्रकल्पालाच त्याची गरज का पडावी? हा आक्षेप वरवरचा नाही आणि त्याचे उत्तर माझ्या युक्तिवादाचा कणाच आहे. घरगुती प्लँटमध्ये टाकीत खरकटे टाकणारी आणि शेगडी पेटवणारी व्यक्ती एकच असते. ज्योत पिवळी पडली, चहाला रोजच्यापेक्षा वेळ लागला, तर दुसऱ्याच दिवशी ती खरकटे कमी टाकते, शेणकाला घालते, दोन दिवस वाट बघते. मोजणारा, निर्णय घेणारा आणि फळ भोगणारा एकच असल्याने चूक लगेच दुरुस्त होते. शहरी प्रकल्पात या एकाचे चार झाले. कचरा टाकणारा पेठेत राहतो, प्रकल्प ठेकेदाराचा कामगार चालवतो, बिल महापालिका भरते आणि विजेचा दिवा चौकात कोणासाठीच खास जळत नाही. ज्योत पिवळी पडली तरी ती कोणाच्याच चहाखाली नसते. घरातल्या सगळ्यांना जाणवणारी ती शेगडीवरची खूण मोठ्या यंत्रणेत हरवली. संवेदक बसवायचे ते ती परत आणण्यासाठी.

टाकीच्या आत काय चालते हे थोडे समजून घेतल्याशिवाय कोणती खूण हवी हे ठरवता येत नाही. ओल्या कचऱ्यातले पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ आधी विरघळतात. मग एका गटाचे जिवाणू त्यांची आम्ले करतात, दुसरा गट त्या आम्लांचे अ‍ॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन करतो, आणि शेवटी मिथेन करणारे सूक्ष्मजीव त्यावर जगतात. अडचण वेगाची आहे. आम्ल करणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, तर मिथेन करणाऱ्यांना दुप्पट व्हायला अनेक दिवस लागतात. ते नाजूकही असतात. सामू 6.8 ते 7.4 च्या आसपास हवा, तापमान 35 ते 38 अंशांत स्थिर हवे. पुण्यात थंडीतल्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा उघड्यावरची, आवरण नसलेली टाकी त्यांना सोसत नाही. एखाद्या दिवशी कचरा अचानक वाढला की आम्ले वेगाने तयार होतात आणि ती खाणारे मागे पडतात. इथे बहुतेक प्रकल्प फसतात ते एका साध्या गैरसमजामुळे: सामू बघितला की झाले. टाकीतल्या पाण्यात बायकार्बोनेटचा साठा असतो आणि वाढते आम्ल तो बराच काळ गिळत राहतो. बँकेत शिल्लक असेपर्यंत खर्च कितीही वाढला तरी धनादेश वटत राहतात, तसा सामू सातवर टिकून राहतो. शिल्लक संपते त्या दिवशी तो एकदम सहाच्या खाली येतो आणि तोवर मिथेन करणाऱ्यांची वसाहत मेलेली असते. ती पुन्हा उभी करायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून जाणकार सामूऐवजी टाकीतली बाष्पनशील आम्ले आणि क्षारता यांचे गुणोत्तर पाहतात. ते साधारण 0.3 ते 0.4 च्या आत असले की टाकी निरोगी. ते चढू लागले की सामू ढळण्याच्या कितीतरी आधी कचरा कमी करण्याची वेळ आलेली असते. वायूतला कार्बन डायऑक्साइडचा वाटा वाढणे आणि मिथेनचा उतरणे ही दुसरी लवकर मिळणारी सूचना.

आता शनिवार पेठेचा कचरा या टाकीच्या नजरेने पाहा. एकादशीला आणि संकष्टीला साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचे कूट वाढते. मे महिन्यात आंब्याच्या साली आणि कोयी येतात. साली झपाट्याने आंबतात आणि कोयी पंपात अडकतात. पितृपक्षात खीर-वड्यांचे उष्टे, दिवाळीत तळणीचे तेल. तेल फार वायू देते, पण एकदम आले तर त्याची लांब साखळीची आम्ले जिवाणूंना गुदमरवतात. परीक्षा संपून मुले गावी गेली की खाणावळींचा कचरा घटतो. आणि गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत निर्माल्याचा डोंगर. झेंडू, दूर्वा आणि केळीचे खुंट यांत खरकट्याच्या मानाने तंतूच जास्त, ते सावकाश कुजते आणि टाकीच्या वर साय धरते. मैल्यावर चालणाऱ्या देहूच्या प्लँटला रोज तेच अन्न मिळत होते. पेठेच्या कचऱ्यावर चालणाऱ्या टाकीचा रोजचा आहार पंचांगाप्रमाणे बदलतो. अशा टाकीला ‘पाच टन क्षमता’ ही पाटी लावून रोज पाच टनच घालणे हेच मुळात अज्ञान आहे. कोणत्या दिवशी साडेतीन घालायचे आणि कोणत्या दिवशी साडेपाच, हे टाकी स्वतःच सांगत असते, फक्त ते ऐकण्याची सोय हवी.

सोय म्हणजे किती? फार नाही, आणि या बाबतीत यंत्रे विकणाऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचे वजन, टाकीच्या दोन-तीन पातळ्यांवरचे तापमान, वायूचा प्रवाह, वायूतले मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड, आणि वीज होत असेल तर जनित्रावरचे मीटर. एवढे आपोआप मोजले जावे. आम्ल आणि क्षारता यांच्या गुणोत्तरासाठी मात्र महागडे यंत्र नको. मळीचा गाळलेला नमुना, सौम्य गंधकाम्ल, एक ब्युरेट आणि सामू मोजायचे यंत्र पुरते. सामू 5.0 होईपर्यंत किती आम्ल लागले आणि पुढे 4.4 पर्यंत किती, एवढे टिपले की काम झाले. अकरावीच्या प्रयोगशाळेत हात बसलेला मुलगा हे पंधरा-वीस मिनिटांत करील. दुसरीकडे बाजारात काहीशे रुपयांना मिळणारे मिथेनचे संवेदक छंद म्हणून ठीक, पण टाकीतून येणाऱ्या ओलसर, गंधकयुक्त वायूत ते लवकर भरकटतात. मिथेनसाठी अवरक्त किरणांवर चालणारे यंत्र हवे, त्याच्या आधी वायू कोरडा करणारा सापळा हवा, आणि हायड्रोजन सल्फाइडचा विद्युत-रासायनिक संवेदक वर्ष-दोन वर्षांत बदलावाच लागतो हे खर्चात आधीच धरायला हवे. भारतात मोजमाप यंत्रे बसवण्याची हौस मोठी आणि ती प्रमाणित करत राहण्याचा कंटाळा त्याहून मोठा. प्रमाणित न केलेल्या संवेदकाचा आकडा हा आकडा नसून अफवा असते.

आता विश्लेषण. इथे कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेणाऱ्या सादरीकरणांची रेलचेल आहे, आणि जगात या क्रियेची गणिती प्रतिरूपे फार पूर्वीपासून आहेत. 2002 साली आंतरराष्ट्रीय जल संघटनेच्या तज्ज्ञगटाने मांडलेले एक प्रतिरूप आजही प्रमाण मानले जाते. पण पेठेच्या कचऱ्यावरच्या टाकीला पहिली दोन वर्षे यातले काहीच लागत नाही. लागते ते तिसरीतले अंकगणित. स्वयंपाकघरातल्या वर्गीकृत ओल्या कचऱ्याच्या एका टनातून साधारण 80 ते 100 घनमीटर बायोगॅस मिळायला हवा. त्यात 55 ते 60 टक्के मिथेन धरले तर एका घनमीटरात सुमारे सहा युनिटांची उष्णता असते, आणि छोटे जनित्र त्यातून दीड ते पावणेदोन युनिट वीज काढते. म्हणजे पाच टनांच्या प्रकल्पातून रोज 400 ते 500 घनमीटर वायू आणि ढोबळमानाने साडेसहाशे ते आठशे युनिट वीज. यातली काही प्रकल्पाचेच चरक आणि पंप फिरवण्यात जाईल, ते वजा करा. आता एखाद्या प्रकल्पाने महिनाभर रोज पाच टन घेतल्याची बिले लावली आणि वीज रोजची शंभर युनिट दाखवली, तर तीन-चारच शक्यता उरतात. कचरा आलाच नाही. आला पण टाकीत न जाता दुसरीकडे गेला. टाकीत गेला पण टाकी आजारी आहे. किंवा वायू झाला आणि हवेत सोडला गेला. कोणती शक्यता खरी ते वायूचा प्रवाह आणि त्यातला मिथेनचा वाटा हे दोन आकडे लगेच सांगतात. यासाठी कोणावर चोरीचा आरोप करावा लागत नाही की चौकशी समितीही नेमावी लागत नाही.

यावर अनुभवी माणसे म्हणतील की आकडे बनवता येतात, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी 2014 मध्ये देशातल्या 17 प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना, त्यात आपले साखर कारखाने आणि आसवन्या आल्या, सांडपाण्यावर आणि धुरांड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवून आकडे थेट मंडळाकडे पाठवायला सांगितले. यंत्रे बसली, आकडे वाहू लागले, आणि तरीही भीमा-नीरेच्या काठच्या लोकांना नदी शुद्ध झाल्याचा अनुभव आला नाही. संवेदक स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला की आकडा सुंदर येतो. मान्य. पण इथे त्या व्यवस्थेहून एक महत्त्वाचा फरक आहे. सांडपाण्याच्या मोजणीत एक सुटा आकडा असतो आणि त्याला पडताळायला दुसरा नसतो. बायोगॅस टाकीत मात्र आत गेलेला कार्बन कुठेतरी बाहेर यावाच लागतो, वायूतून किंवा मळीतून, आणि वायूतली ऊर्जा विजेत दिसावी लागते. वजनाचा आकडा फुगवला तर वायू कमी दिसतो. वायूचा फुगवला तर वीज जुळत नाही. विजेचा फुगवला तर वितरण कंपनीचे मीटर बोलते. तिन्ही एकाच वेळी, रोज, महिनोन्‌महिने, तापमानातले चढउतार आणि एकादशीचा साबुदाणा यांना शोभतील अशा बेताने फुगवणे हे प्रकल्प नीट चालवण्यापेक्षा अवघड आहे. विश्लेषणाचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हाच, एकमेकांना साक्षी ठेवणाऱ्या आकड्यांचा. तो मिळावा म्हणून आकडे ठेकेदाराच्या संगणकात राहता कामा नयेत. ते आपोआप महापालिकेकडे आणि तिथून रोज जनतेपुढे यायला हवेत. व्यापारी गुपिताची सबब इथे चालणार नाही. करदात्याच्या जागेवर, करदात्याचा कचरा, करदात्याच्या पैशाने आंबवताना गुपित कसले?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खरी अडचण वर्गीकरणाची आहे, असे या क्षेत्रात काम केलेला प्रत्येक जण सांगतो. प्लास्टिकच्या पिशव्या, सॅनिटरी पॅड, काचा आणि नारळाच्या करवंट्या आल्या की संवेदक काय करणार? काहीही नाही. इंदूरचा 550 टनांचा प्रकल्प फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला तो तिथल्या घराघरांत आधी वर्गीकरण रुजवले होते म्हणून. यंत्रसामग्री नंतर आली. पुण्याकडे तर ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेसारखी कचरावेचकांची स्वतःची यंत्रणा 2008 पासून आहे, जी देशात इतरत्र क्वचितच आढळते. पण वर्गीकरणाची मोहीम आपल्याकडे नेहमी पोस्टर, शपथ आणि दंड यांवर येऊन थांबते, कारण तिचा परिणाम मोजलाच जात नाही. टनामागे किती घनमीटर वायू मिळाला हा आकडा मार्गवार ठेवला, म्हणजे शनिवार-नारायण पेठेच्या गाड्यांचा वेगळा, कर्वे रस्त्याच्या हॉटेलांचा वेगळा, तर कोणाचे वर्गीकरण कुठे ढिले आहे हे तीन-चार आठवड्यांत दिसू लागेल. एक इशारा मात्र द्यायलाच हवा. हा आकडा कचरावेचक बाईच्या पगाराला किंवा गुणांना जोडता कामा नये. बादलीत काय टाकायचे हे ती ठरवत नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे ठरवतो. तो आकडा सोसायटीच्या फलकावर लागावा आणि ओला कचरा घरीच जिरवणाऱ्यांना मिळकतकरात जी सवलत मिळते तशी काही सवलत त्या आकड्याला जोडावी. रोज शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या हॉटेलांवर आणि मंगल कार्यालयांवर घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्वतःच्या कचऱ्याची जबाबदारी टाकलेलीच आहे. ते ती पार पाडतात की नाही हे कागदावरच्या शिक्क्यापेक्षा वायूचे मीटर जास्त खरे सांगेल.

तिसरा सूर असा की पाच टनांचे हे खेळ बंद करा आणि शहराबाहेर एकच मोठा प्रकल्प करा. मोठ्या प्रकल्पाची गणिते खरोखर बरी असतात. तळेगावजवळच्या प्रकल्पात पुण्याच्या हॉटेलांतल्या खरकट्यापासून वायू होतो तो शुद्ध करून, दाबून विकता येतो, आणि केंद्र सरकारने ऑक्टोबर 2018 मध्ये ‘सतत’ योजना आणल्यापासून तेल कंपन्या असा वायू विकत घेतात. योजनेचे 5000 प्रकल्पांचे उद्दिष्ट मुदतीत कुठेच पोचले नाही ही गोष्ट वेगळी. तरी त्या प्रकल्पांकडून शिकण्यासारखे एक आहे: त्यांना पैसे किलोने मिळतात, आत आलेल्या कचऱ्याच्या नव्हे तर बाहेर गेलेल्या वायूच्या किलोने. मिथेनचे प्रमाण भारतीय मानकाला उतरले नाही तर गाडी परत येते. त्यामुळे तिथे मोजमाप कोणी सक्ती न करता होते. माझा मुद्दा छोटे की मोठे हा नाही, मोबदला कशाचा हा आहे. शिवाय मोठा प्रकल्प म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न सुटला असेही नाही. बाणेरच्या सूस रस्त्यावर कचऱ्याची मळी करून पुढे पाठवणाऱ्या प्रकल्पाविरुद्ध तिथले रहिवासी हरित न्यायाधिकरणात गेले, न्यायाधिकरणाने ऑक्टोबर 2020 मध्ये तो बंद करायला सांगितले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अटींवर तो चालू ठेवायला परवानगी दिली. चार वर्षांच्या या वादात एक बाजू म्हणत होती दुर्गंधी असह्य आहे, दुसरी म्हणत होती सगळे नियमांत आहे. कुंपणावर मोजलेला हायड्रोजन सल्फाइडचा आणि अमोनियाचा तासातासाचा आकडा दोघांपुढे खुला असता तर भांडण संपले नसते कदाचित, पण ते निदान एकाच गोष्टीबद्दल झाले असते.

गळतीचा विषय इथेच येतो आणि तो आपल्याकडे जवळजवळ कोणी काढत नाही. मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट उष्णता धरून ठेवतो. बायोगॅस प्रकल्प करायचा तो कचऱ्याच्या डोंगरातून सुटणारा मिथेन वाचावा म्हणून. टाकीच्या झाकणातून, उघड्या मळीच्या हौदातून किंवा जनित्र बंद पडल्यावर न जाळता सोडलेल्या वायूतून तो निसटत असेल तर पर्यावरणाच्या नावाने आपण उलट काम करतो. डेन्मार्कसारख्या देशात, जिथे हे तंत्र शेतकऱ्यांच्या सहकारातून रुजले, तिथल्या चालत्या प्रकल्पांची मोजणी केली तेव्हा गळती कुठे एका टक्क्याच्या आत तर कुठे दहा टक्क्यांच्या वर निघाली.  हा फरक मोजल्याशिवाय दिसला नसता. आपल्या बंद-चालू करणाऱ्या प्रकल्पांत, जिथे जनित्र नादुरुस्त झाले की वायू जाळायची मशालही अनेकदा धड नसते, तिथे काय होत असेल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. केंद्राने शहरगॅस कंपन्यांना 2025-26 पासून एक टक्का आणि 2028-29 पर्यंत पाच टक्के जैववायू मिसळण्याचे बंधन घातले आहे. त्यामुळे निसटलेल्या प्रत्येक घनमीटराला आता बाजारभावही आहे.

खर्चाचे काय, असे महापालिकेचा लेखा विभाग विचारेल. वर सांगितलेली यंत्रे आणि त्यांची निगा पाच टनांच्या प्रकल्पाच्या उभारणीच्या खर्चात तळटीप ठरेल इतकी किरकोळ आहे. खर्च आहे तो माणसाचा. रोज सकाळी मळीचा नमुना घेऊन गुणोत्तर काढणारा, ते चढले की आजची दुसरी गाडी परत पाठवण्याचा अधिकार असलेला आणि त्याबद्दल ठेकेदाराचा ओरडा न खाणारा माणूस. आजच्या करारात तो असूच शकत नाही, कारण टनामागे पैसे मिळत असताना गाडी परत पाठवणे म्हणजे स्वतःचे उत्पन्न परत पाठवणे. संवेदकाने धोक्याची सूचना दिली तरी ती ऐकणे ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी तो संवेदक निरुपयोगी आहे. म्हणून आधी करार बदलायला हवा. जागा, यंत्रे आणि किमान मनुष्यबळ यांचा एक ठरावीक भाग, आणि उरलेला मोबदला मोजलेल्या मिथेनवर. गणेशोत्सवासारख्या काळात टाकीच्या तब्येतीसाठी कचरा नाकारला तर त्याचा दंड नसावा. तो जास्तीचा कचरा खताच्या ढिगांकडे वळवण्याची तजवीज महापालिकेने आधीच केलेली असावी.

हे सगळे करण्यासाठी पुण्याला कुठे बाहेर जावे लागत नाही. मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास आघारकर संशोधन संस्थेत वर्षानुवर्षे चालू आहे. साखर कारखान्यांच्या मळीवर आणि आसवन्यांच्या सांडपाण्यावर वायू काढण्याचा अनुभव मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे आहे. जैवइंधनाचे प्रकल्प देशोदेशी उभारणारी प्राज ही कंपनी इथलीच. या शहरात संवेदक जुळवू शकणारी अभियांत्रिकीची मुले दरवर्षी हजारोंनी बाहेर पडतात आणि त्यातली बरीच अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून पुन्हा तीच स्वयंचलित पाणी घालणारी कुंडी करतात. पेशवे पार्कातल्यासारखा शहराच्या मध्यातला एक प्रकल्प या संस्थांकडे दोन वर्षांसाठी मोकळेपणाने सोपवावा. त्यात कसबा-विश्रामबाग भागाचा, म्हणजे शनिवार पेठेचाही, ओला कचरा वेगळ्या गाड्यांनी जावा. रोजचे सहा आकडे, म्हणजे आलेला कचरा, नाकारलेला कचरा, वायू, मिथेनचा टक्का, आम्ल-क्षारतेचे गुणोत्तर आणि वीज, महापालिकेच्या संकेतस्थळावर दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत यावेत, यंत्रे शेवटची कधी प्रमाणित केली त्या तारखेसह. एखाद्या दिवशी आकडा आला नाही तर तो रकाना कोराच दिसू द्यावा, आदल्या दिवसाचा उतरवून भरू नये. पुढच्या प्रकल्पांच्या निविदा निघतील त्या या दोन वर्षांच्या आकड्यांवर बेतलेल्या असाव्यात, आणि ‘क्षमता : 5 टन प्रतिदिन’ या ओळीच्या जागी त्यांत ‘हमी : टनामागे इतके घनमीटर मिथेन’ अशी ओळ असावी.